एका कळेवर दोघांचा दावा

टेक्स्ट एडिटरमधला शॉर्टकट म्हणजे कीबोर्डवरच्या कळा आणि एखादी कमांड यांची बांधलेली गाठ. कंट्रोल दाबून एस दाबला की फाइल सेव्ह होते, कारण एडिटरच्या पोटात एक तक्ता असतो आणि त्यात ‘कंट्रोल + एस’समोर ‘सेव्ह’ अशी नोंद असते. एडिटर नवाकोरा असतो तेव्हा हा सगळा तक्ता एकाच चमूने लिहिलेला असतो, म्हणून त्यात सहसा घोळ नसतो. पुढे वापरणारा एकेक एक्स्टेन्शन बसवत जातो. कोड नीट मांडून देणारे एक, गिटचा इतिहास दाखवणारे दुसरे, मार्कडाउनसाठी तिसरे. प्रत्येक एक्स्टेन्शन आपल्या नोंदी घेऊन येते आणि त्याच तक्त्यात लिहिते. ती तयार करणाऱ्यांची एकमेकांशी ओळखही नसते. दोन नोंदींनी एकच कळ मागितली की एकीलाच ती मिळते आणि दुसरी मागे पडते.

हा संघर्ष ओळखायला अवघड जातो, कारण तो मुका असतो. पडद्यावर चुकीचा संदेश येत नाही, एडिटर बंद पडत नाही. काल चालणारा शॉर्टकट आज वेगळेच काम करतो, किंवा काहीच करत नाही. कधी तो एका प्रकारच्या फाइलमध्ये चालतो आणि दुसऱ्या प्रकारच्या फाइलमध्ये चालत नाही. वापरणाऱ्याला वाटते की आपलेच बोट चुकले. तो पुन्हा दाबून पाहतो, मग माउसकडे वळतो, आणि काही दिवसांनी तो शॉर्टकट विसरूनही जातो.

मूळ अडचण जागेची आहे. रोमन लिपीची २६ अक्षरे आणि १० अंक मिळून ३६ कळा होतात. नुसती कळ किंवा शिफ्टसह कळ दाबली तर मजकूर उमटतो, म्हणून शॉर्टकटसाठी कंट्रोल किंवा ऑल्ट यांपैकी निदान एक तरी सोबत लागते. कंट्रोल, ऑल्ट, कंट्रोल-शिफ्ट, ऑल्ट-शिफ्ट, कंट्रोल-ऑल्ट आणि तिन्ही एकत्र, असे ६ प्रकार होतात. ३६ गुणिले ६ म्हणजे २१६. एफ-१ ते एफ-१२, बाण आणि विरामचिन्हे धरली तर आकडा थोडा वाढतो, पण कॉपी, पेस्ट, सेव्ह, अनडू, शोध यांसारख्या कामांनी चांगल्या जागा आधीच अडवलेल्या असतात. उरलेल्यांतल्या कित्येक जोड्या दाबताना बोटांची कसरत होते. त्यात प्रत्येकाला लक्षात राहील असे अक्षर हवे असते. ‘फाइंड’, ‘फॉरमॅट’, ‘फोल्ड’, ‘फाइल’ या सगळ्यांची नजर एकाच एफवर असते. कागदावर २१६ दिसणाऱ्या जागांपैकी खरी ओढाताण मोजक्या वीस-पंचवीस जागांसाठी होते.

दुसरे कारण इतिहासात आहे. आज एकाच एडिटरमध्ये भेटणाऱ्या सवयी वेगवेगळ्या यंत्रांवर जन्मल्या. बिल जॉय यांनी व्ही-आय हा एडिटर ज्या एडीएम-३ए टर्मिनलवर लिहिला, त्याच्या कीबोर्डवर एच, जे, के आणि एल या अक्षरांवरच बाण छापलेले होते. कर्सर हलवायला ही चार अक्षरे वापरण्याची रीत तिथून आली आणि पुढे ब्राम मोलेनार यांच्या व्हिममधून (१९९१) आजवर टिकली. जवळपास व्ही-आयच्याच काळात, १९७६ साली, एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत ईमॅक्स आकाराला आला. त्यात कंट्रोल + एक्स आणि कंट्रोल + सी या दोन जोड्या स्वतः काहीच करत नाहीत, त्या पुढच्या शेकडो कमांडचे दार उघडतात. झेड, एक्स, सी, व्ही ही अनडू, कट, कॉपी, पेस्टची चौकडी लॅरी टेस्लर यांच्या कामाशी जोडली जाते. ॲपलच्या लिसा (१९८३) आणि मॅकिंटॉश (१९८४) या संगणकांतून ती घरोघर पोहोचली. जगाला कंट्रोल + सी म्हणजे कॉपी हे ठाऊक झाले तेव्हा ईमॅक्स वापरणाऱ्यांच्या बोटांना त्याचा दुसरा अर्थ कधीच पाठ झालेला होता.

ईमॅक्सने या पेचावर काढलेला तोडगा पाहण्याजोगा आहे. त्यात सीयूए मोड नावाची सोय आहे. ती चालू असताना मजकूर निवडलेला असेल तरच कंट्रोल + सी म्हणजे कॉपी होते. निवडलेला नसेल तर ती कळ पूर्वीसारखी दार उघडण्याचे काम करते. मजकूर निवडलेला असतानाही तिच्यामागोमाग झटकन दुसरी कळ दाबली, तर वापरणाऱ्याला जुना अर्थच हवा आहे असे धरले जाते. म्हणजे एकाच कळेचे दोन अर्थ दोन गोष्टींवरून वेगळे केले जातात: त्या क्षणाची परिस्थिती आणि दोन कळांमधला वेळ. पुढच्या जवळजवळ सर्व एडिटरांनी परिस्थितीचा मार्ग धरला.

मायक्रोसॉफ्टने २०१५ साली आणलेल्या व्हिज्युअल स्टुडिओ कोडमध्ये, म्हणजे सगळे ज्याला व्हीएस कोड म्हणतात त्यात, ही व्यवस्था स्वच्छ दिसते. त्याच्या तक्त्यातल्या प्रत्येक नोंदीला तीन भाग असतात: कळ, कमांड आणि ‘केव्हा’ ही अट. अटीत ‘कर्सर मजकुरात असेल तर’, ‘फाइल मार्कडाउनची असेल तर’, ‘सूचनांची यादी उघडी असेल तर’ अशी वाक्ये बसतात. कळ दाबली की एडिटर ही यादी खालून वर वाचत जातो. ज्या नोंदीची कळही जुळते आणि अटही त्या क्षणी खरी ठरते, अशी पहिली नोंद सापडली की तो तिथेच थांबतो आणि तिची कमांड चालवतो. वरच्या नोंदींचा मग विचारच होत नाही. एडिटरच्या स्वतःच्या नोंदी यादीत वर असतात, एक्स्टेन्शनच्या त्यांच्याखाली आणि वापरणाऱ्याने स्वतः लिहिलेल्या सर्वांत खाली. वाचन खालून सुरू होत असल्यामुळे वापरणाऱ्याचा शब्द अखेरचा ठरतो, त्यानंतर एक्स्टेन्शनचा आणि मग मूळ एडिटरचा. सब्लाइम टेक्स्टमध्येही असेच आहे. तिथे मूळ पॅकेज आधी वाचले जाते, मधली पॅकेजे नावाच्या वर्णक्रमाने आणि ‘यूजर’ नावाचे पॅकेज शेवटी.

या रचनेतला कच्चा दुवा मधल्या पायरीवर आहे. वापरणारा आणि एडिटर यांच्यातला क्रम ठरलेला आहे, पण दोन एक्स्टेन्शनांनी एकच कळ एकाच अटीवर मागितली तर कोण जिंकणार हे वापरणाऱ्याने ठरवलेले नसते. तो निकाल एडिटरच्या अंतर्गत क्रमावर लागतो आणि तो क्रम सहसा कुणाच्या डोळ्यांसमोर नसतो. म्हणून सगळा भार ‘केव्हा’च्या अटीवर येतो. अट जितकी नेमकी, तितका त्रास कमी. मार्कडाउनसाठी लिहिलेल्या एका लोकप्रिय एक्स्टेन्शनमध्ये कंट्रोल + बी दाबले की अक्षरे ठळक होतात, आणि व्हीएस कोडच्या मूळ तक्त्यात याच जोडीने डावीकडची पट्टी उघडते-मिटते. एक्स्टेन्शनची अट मार्कडाउन फाइलपुरती मर्यादित असल्याने इतर फाइलींत पट्टी पूर्वीसारखी चालते. ही अट लिहायची राहिली असती, तर प्रत्येक फाइलमध्ये पट्टी हरवली असती.

सर्वांत मोठी टक्कर मात्र व्हिमची सवय असलेले लोक व्हीएस कोडमध्ये व्हिमचे एक्स्टेन्शन बसवतात तेव्हा होते, कारण इथे एखादी नोंद नाही, अख्खी भाषाच दुसऱ्या घरात राहायला येते. कंट्रोल + डी घेतले तर व्हिममध्ये त्याने अर्धे पान खाली सरकते. व्हीएस कोडमध्ये त्याने निवडलेल्या शब्दाची पुढची जागाही निवडली जाते आणि एकाच वेळी अनेक ठिकाणी बदल करता येतो. कंट्रोल + एफ व्हिमसाठी एक पान पुढे, तर व्हीएस कोडसाठी शोधाची चौकट. दोन्ही अर्थ कामाचे आहेत आणि दोन्हींवर हक्क सांगणारी बोटे एकाच माणसाची असू शकतात. म्हणून या एक्स्टेन्शनमध्ये कंट्रोलच्या कळा एकदम सोडून देण्याचे एक सेटिंग आहे, आणि एकेका जोडीसाठी ‘ही व्हिमची’ किंवा ‘ही एडिटरची’ असे ठरवण्याचे दुसरेही. दुसरे सेटिंग वेळखाऊ आहे, पण खरा उपाय तेच आहे. डी व्हिमला ठेवावा आणि एफ एडिटरला द्यावा, अशी वाटणी प्रत्येकाची वेगळी असणार.

टॅबची गोष्ट स्वतंत्र सांगावी लागते, कारण इतके दावेदार दुसऱ्या कुठल्याच कळेवर नाहीत. टॅबने ओळ आत सरकते. सूचनांच्या यादीतला शब्द टॅबने स्वीकारला जातो. वारंवार लागणाऱ्या कोडचा साचा उलगडल्यावर त्यातल्या एका रिकाम्या जागेवरून दुसरीवर टॅबनेच जाता येते. २०२१ पासून गिटहब कोपायलटसारखी साधने फिकट अक्षरांत पुढचा कोड सुचवू लागली आणि तो मान्य करायची कळही टॅबच ठरली. एका क्षणी यांतल्या दोन-तीन अटी एकदम खऱ्या असू शकतात. नुसती ओळ सरकवायची असताना सुचवलेला परिच्छेद मजकुरात शिरतो, तो असा. हा धोका ओळखून व्हीएस कोडने एमेट या साधनाचे कोडसाठीचे संक्षेप टॅबने उलगडण्याची सोय मुळात बंद ठेवली आहे. ज्याला हवी त्याने ती चालू करायची. टॅबचे आणखी एक काम सहज विसरले जाते. माउस न वापरणाऱ्यांसाठी पडद्यावरच्या एका भागातून दुसऱ्या भागात जाण्याची ती वाट आहे. विंडोज आणि लिनक्सवर कंट्रोल + एम दाबून व्हीएस कोडमध्ये टॅबला तेवढेच काम देता येते. एखाद्या एक्स्टेन्शनने कंट्रोल + एम बळकावले, तर ही वाट बंद होते.

जागा अपुरी पडल्यावर एडिटरांनी दोन टप्प्यांचे शॉर्टकट काढले. आधी कंट्रोल + के, मग कंट्रोल + सी, असे ओळीने दाबले की व्हीएस कोडमध्ये निवडलेल्या ओळी कॉमेंट होतात. २१६ जागांच्या जोड्या करायच्या तर ४६,६५६ होतात, त्यामुळे जागेचा प्रश्न मिटल्यासारखा वाटतो. पण नवा धोका उभा राहतो. एखाद्या एक्स्टेन्शनने नुसत्या कंट्रोल + के ला स्वतःची कमांड बांधली आणि तिची नोंद जिंकली, तर कंट्रोल + के ने सुरू होणारे सगळे शॉर्टकट एका फटक्यात बंद पडतात. व्हिममध्ये हाच प्रश्न वेळेच्या रूपात दिसतो. ‘स्वल्पविराम, डब्ल्यू’ ही एक कमांड आणि ‘स्वल्पविराम, डब्ल्यू, क्यू’ ही दुसरी अशी मांडणी असेल, तर पहिली दाबल्यावर तिसरी कळ येते का हे पाहायला व्हिम मूळ सेटिंगनुसार १,००० मिलिसेकंद, म्हणजे पूर्ण एक सेकंद थांबतो. वापरणाऱ्याला वाटते की एडिटर मंदावला, आणि दोष मात्र नव्याने बसवलेल्या प्लगिनच्या एका नोंदीचा असतो.

तांत्रिक नियमांइतकाच महत्त्वाचा असतो तो शिष्टाचार, आणि या बाबतीत ईमॅक्सच्या जगाने घालून दिलेली रीत सर्वांत विचारपूर्वक आहे. कंट्रोल + सी आणि त्यानंतर एक साधे अक्षर, ही सर्व जागा वापरणाऱ्यासाठी राखीव आहे, तसेच एफ-५ ते एफ-९ या कळाही. कुठल्याही पॅकेजने तिथे पाऊल टाकू नये असे ईमॅक्स लिस्पच्या मार्गदर्शक पुस्तिकेतच लिहिले आहे. कंट्रोल + सी नंतर कंट्रोलसह अक्षर किंवा एखादा अंक ही जागा फाइलच्या मुख्य प्रकाराला, आणि बरीचशी विरामचिन्हे दुय्यम सोयींना दिली आहेत. कार्स्टन डॉमिनिक यांनी २००३ साली सुरू केलेला ईमॅक्समधला ऑर्ग मोड हे या रीतीचे चांगले उदाहरण आहे. त्याला कुठूनही उघडता येतील अशा तीन शॉर्टकटांची गरज असते, पण तो त्या जागा स्वतः घेत नाही. ‘या कळा बांधून घ्याव्यात’ असे आपल्या माहितीपुस्तिकेत सुचवतो आणि बांधण्याचे काम वापरणाऱ्यावर सोडतो. त्याच पुस्तिकेत ऑर्गचे ज्यांच्याशी पटत नाही अशा पॅकेजांची यादीही दिली आहे. साचे उलगडणारे यास्निपेट आणि ऑर्ग यांची टॅबवर होणारी टक्कर तिथे उपायासकट नोंदवली आहे. असा प्रामाणिकपणा प्रत्येक एक्स्टेन्शनच्या माहितीत असायला हवा.

व्हिमच्या प्लगिनकारांनी तीच गोष्ट वेगळ्या रीतीने साधली. चांगले प्लगिन आपल्या कमांडला ‘प्लग’ या शब्दाने सुरू होणारे एक आतले नाव देते, जे कीबोर्डवरून दाबलेच जाऊ शकत नाही. वापरणाऱ्याने त्या नावाला आपल्या पसंतीची कळ जोडायची. प्लगिन फार तर आधी चौकशी करते की या नावाला काही जोडलेले आहे का, आणि नसेल तरच स्वतःची कळ पुढे करते. व्हीएस कोडच्या जगात इतकी काटेकोर रीत रुजलेली नाही. तिथे एक्स्टेन्शनकाराने खूप कळा घेतल्या तर त्याला कुणी अडवत नाही. वास्तविक कमांड पॅलेट असताना प्रत्येक कमांडला कळ लागतच नाही. कंट्रोल + शिफ्ट + पी दाबून नावाची दोन-चार अक्षरे टाइप केली की हवी ती कमांड सापडते. दिवसातून पन्नासदा लागणाऱ्या एक-दोन कामांसाठी कळ सुचवावी आणि बाकी जागा मोकळी ठेवावी, हे एक्स्टेन्शनकाराच्या हातात आहे.

कित्येकदा एडिटरमधल्या सगळ्या नोंदी बिनचूक असतात आणि तरीही शॉर्टकट चालत नाही, कारण कळ एडिटरपर्यंत पोहोचतच नाही. ऑपरेटिंग सिस्टिम, ब्राउझर, टर्मिनल आणि दृष्टिहीनांसाठीचा स्क्रीन रीडर हे सगळे एडिटरच्या आधी कान लावून बसलेले असतात. व्हीएस कोड फायरफॉक्समध्ये उघडला तर कंट्रोल + शिफ्ट + पी ने खासगी खिडकी उघडते, म्हणून तिथे कमांड पॅलेटसाठी एफ-१ वापरावे लागते. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर इन्सर्ट कळेसोबतच्या कित्येक जोड्या स्वतःकडे ठेवतो. त्यांतली एखादी एडिटरला द्यायची असेल तर आधी एनव्हीडीए कळ (म्हणजे तीच इन्सर्ट) + एफ-२ दाबून पुढची कळ सरळ पलीकडे जाऊ द्यावी लागते. टर्मिनलमध्ये चालणाऱ्या एडिटरांची मर्यादा आणखी जुनी आहे. ॲस्की संकेतात कंट्रोल दाबल्यावर अक्षराच्या क्रमांकातून ६४ वजा होतात. आय चा क्रमांक ७३, वजा ६४ म्हणजे ९, आणि ९ हा टॅबचा क्रमांक. एम चा ७७, उरले १३, म्हणजे एंटर. त्यामुळे साध्या टर्मिनलमध्ये कंट्रोल + आय आणि टॅब यांत फरक करण्याचा मार्गच एडिटरकडे नसतो. एकाला काही बांधले की ते दुसऱ्यालाही लागू होते.

विंडोजवर कंट्रोल आणि ऑल्ट एकत्र दाबणे हे उजव्या ऑल्टसारखे, म्हणजे ऑल्ट-जीआरसारखे मानले जाते, आणि अनेक भाषांच्या कीबोर्डांत ऑल्ट-जीआर हे जादा अक्षरांसाठी असते. पोलिश भाषेतली कित्येक अक्षरे याच मार्गाने उमटतात. भारतासाठीच्या इंग्रजी कीबोर्डवर ऑल्ट-जीआर + ४ दाबले की ₹ हे चिन्ह येते. एखाद्या एक्स्टेन्शनने कंट्रोल + ऑल्ट + ४ घेतले, तर रुपयाचे चिन्ह आणि ती कमांड यांच्यात तंटा होतो. अमेरिकन कीबोर्डवर काम करणाऱ्या एक्स्टेन्शनकाराला हा तंटा कधी दिसणारही नाही.

मराठीत लिहिणाऱ्यांना आणखी दोन ठिकाणी ठेच लागते. पहिले ठिकाण इन्स्क्रिप्टचे. या मांडणीत सी च्या जागी म आणि व्ही च्या जागी न येतो. मांडणी देवनागरीची असताना कॉपीसाठी कळ दाबली, तर एडिटरने काय पाहायचे, कळेची जागा की तिच्यातून उमटणारे अक्षर? जागा पाहिली तर कॉपी होते. अक्षर पाहिले तर कंट्रोल + म अशी नोंद कुठेच सापडत नाही. विंडोज प्रत्येक कळेला मांडणीपासून वेगळा एक संकेत देत असल्यामुळे तिथे हे सहसा निभावते. लिनक्सवर गडबड झाली तर व्हीएस कोडमधले ‘कीबोर्ड डिस्पॅच’ हे सेटिंग बदलून पाहता येते. दुसरे ठिकाण कंट्रोल + स्पेसचे. व्हीएस कोडमध्ये ही जोडी सूचनांची यादी मागवते आणि ईमॅक्समध्ये मजकूर निवडायला सुरुवात करते. मॅकवर हीच जोडी एका भाषेच्या कीबोर्डवरून दुसऱ्यावर जाण्यासाठी आहे. इंग्रजीच्या जोडीला मराठी घेतली की भाषा बदलते आणि सूचना येत नाहीत. मॅकच्या कीबोर्ड सेटिंगमध्ये जाऊन भाषा बदलण्याची कळ दुसरी नेमली की दोन्ही कामे सुरळीत होतात.

दोष शोधताना वरून खाली यावे. आधी कळ एडिटरपर्यंत पोहोचते का ते पाहावे. व्हीएस कोडमध्ये कमांड पॅलेटमधून शॉर्टकटांची तपासणी चालू करता येते. मग दाबलेली प्रत्येक कळ, ती एडिटरने कशी वाचली आणि कोणत्या कमांडशी जुळली, हे ओळीओळीने लिहिले जाते. तिथे काहीच उमटले नाही तर कळ वाटेतच कुणीतरी घेतली आहे. कमांड उमटली पण भलतीच, तर कंट्रोल + के, कंट्रोल + एस दाबून शॉर्टकटांची यादी उघडावी. तिथे कळ प्रत्यक्ष दाबून तिच्या सर्व नोंदी शोधता येतात आणि प्रत्येकीचा उगम, एडिटर की एक्स्टेन्शन की वापरणारा, शेजारी दिसतो. ईमॅक्समध्ये कंट्रोल + एच आणि नंतर के दाबून कोणतीही कळ विचारली तर ती काय करते ते सांगितले जाते. व्हिममध्ये मॅप या आज्ञेआधी ‘व्हर्बोस’ जोडले की ती नोंद शेवटी कोणत्या फाइलने केली तेही कळते. इंटेलिजे या एडिटरमध्ये वापरणाऱ्याने आधीच घेतलेली कळ नेमली, तर जुनी नोंद काढायची की ठेवायची असे तो तिथल्या तिथे विचारतो.

एवढे करूनही गुन्हेगार सापडला नाही तर व्हीएस कोडमध्ये एक्स्टेन्शन अर्ध्यावर तोडत शोधण्याची सोय आहे. ती निम्मी एक्स्टेन्शन बंद करते आणि ‘त्रास अजून आहे का’ असे विचारते. उत्तरावरून कुठल्या निम्म्यात दोष आहे ते ठरते, मग त्याचे पुन्हा दोन भाग होतात. ४० एक्स्टेन्शन असली तरी जास्तीत जास्त सहा फेऱ्यांत एकच उरते.

सापडलेले एक्स्टेन्शन काढून टाकायची गरज बहुधा नसते. वापरणाऱ्याच्या स्वतःच्या शॉर्टकट फाइलमध्ये त्याच कळेसमोर कमांडच्या नावाआधी वजाचे चिन्ह टाकले की तेवढी एक नोंद रद्द होते आणि बाकीचे एक्स्टेन्शन चालू राहते. त्या कमांडला दुसरी कळ द्यायची असेल तर आणखी एक ओळ लागते. कळ दोघांनाही हवी असेल, तर दोन्ही ओळींना वेगवेगळी ‘केव्हा’ची अट लावावी. उदाहरणार्थ, मार्कडाउनमध्ये कंट्रोल + बी ठळक अक्षरांसाठी आणि इतरत्र पट्टीसाठी. ही फाइल साधा मजकूर असते. ती जपून ठेवली तर नव्या संगणकावर एडिटर बसवल्यावरही बोटांची सगळी सवय तिच्यासोबत परत येते.